स्की बूट जुळवणी

स्की बूट जुळवणी म्हणजे बर्फावरील स्कीइंगसाठी वापरल्या जाणाऱ्या टणक प्लॅस्टिकच्या बुटाचे माप, आकार आणि आतला तळ प्रत्येक व्यक्तीच्या पायाप्रमाणे बसवून देण्याचे काम होय. हे काम करणाऱ्या कारागिरास बूटफिटर म्हणतात. पायाच्या ठशावरून घडवलेला फूटबेड, म्हणजेच बुटाच्या आत तळव्याखाली बसणारा तळ, हा या कामाचा महत्त्वाचा भाग आहे. आल्प्स पर्वतातील देशांत आणि उत्तर अमेरिकेत हा स्वतंत्र व्यवसाय म्हणून रुजला आहे. मात्र अनेक ठिकाणी त्यासाठी परवान्याची अट नसल्यामुळे चांगला बूटफिटर ओळखण्याची जबाबदारी बहुतांशी ग्राहकावरच पडते.

पार्श्वभूमी

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत स्कीचे बूट चामड्याचे असत. चामडे ओले झाले की मऊ पडे आणि वापराने सैल होई; परंतु त्याच गुणामुळे ते हळूहळू पायाचा आकारही धारण करी. अमेरिकेच्या आयोवा राज्यातील बॉब लँग यांनी १९६० च्या दशकात प्लॅस्टिकचे बूट बाजारात आणले. उताराच्या स्कीइंगमध्ये त्यानंतर चामड्याचे बूट मागे पडत गेले. प्लॅस्टिकमुळे स्कीवरील ताबा पुष्कळ वाढला. मात्र हे नवे कवच पायासाठी स्वतःचा आकार बदलत नव्हते. पूर्वी चामडे जे काम कालांतराने आपोआप करी, ते आता कोणीतरी हाताने करणे भाग होते. बूटफिटरचा व्यवसाय या गरजेतून वाढला.

बुटाची रचना आणि कार्य

उताराच्या स्कीइंगच्या बुटाचे तीन मुख्य भाग असतात: बाहेरचे टणक कवच, त्याच्या आतील मऊ लाइनर आणि लाइनरमध्ये तळव्याखाली बसणारा फूटबेड. नव्या बुटासोबत मिळणारा फूटबेड बहुधा पातळ व सपाट असून तो केवळ जागा भरतो.

स्कीला वळण देण्यासाठी खेळाडू पाऊल व गुडघा एका बाजूस कलवतो आणि नडगीने बुटाच्या पुढच्या भागावर दाब देतो. ही हालचाल बुटामार्फत स्कीपर्यंत पोहोचते. पाऊल कवचाच्या आत हलत असेल, तर तिचा काही भाग वाटेतच वाया जातो. मग पाय धरून ठेवण्यासाठी खेळाडू बकले अधिकाधिक आवळतो. त्यामुळे पावलाच्या वरच्या बाजूच्या रक्तवाहिन्या व नसा दाबल्या जातात, बोटे गार व बधिर पडतात आणि तळव्यात पेटके येतात. बूट घट्ट असल्यामुळे होतो असे वाटणारा त्रास अनेकदा प्रत्यक्षात बूट मोठा असल्यामुळे होत असतो.

मापनपद्धती

स्की बुटांसाठी माँडोपॉइंट ही आंतरराष्ट्रीय मापनपद्धती वापरली जाते. तिच्यात पायाची लांबी हेच बुटाचे माप असते. ती २६५ मिलिमीटर असल्यास माप २६.५ होते. बहुतेक उत्पादकांच्या बुटांत पूर्ण आणि अर्ध्या मापासाठी एकच कवच वापरतात, फरक केवळ लाइनरमध्ये किंवा फूटबेडमध्ये असतो. चवड्यापाशी असलेली आतील रुंदी मिलिमीटरमध्ये दिलेली असते. साधारणपणे ९७ ते ९८ मिलिमीटरचा बूट अरुंद, १०० च्या आसपासचा मध्यम आणि १०२ किंवा त्याहून अधिक रुंदीचा बूट रुंद समजला जातो. बूट पुढे वाकण्यास किती कठीण आहे, हे फ्लेक्सच्या आकड्यावरून कळते. परंतु या आकड्याला सर्व उत्पादकांसाठी समान प्रमाण नाही. एका कंपनीचा १०० हा आकडा दुसऱ्या कंपनीच्या १०० इतकाच कठीण असेल, असे नाही.

कवच चाचणी

बूट योग्य मापाचा आहे की नाही, हे लाइनर काढून तपासतात. रिकाम्या कवचात पाय घालून बोटे पुढच्या टोकाला हलकी टेकवायची आणि टाचेमागे किती जागा उरते ते पाहायचे. सर्वसाधारण वापरासाठी ही जागा सुमारे दीड ते दोन सेंटिमीटर असावी. अधिक नेमका ताबा हवा असणाऱ्यांसाठी ती एक ते दीड सेंटिमीटर ठेवतात. दुकानात पाय घातल्याबरोबर मोकळा वाटणारा बूट ही चाचणी सहसा उत्तीर्ण होत नाही.

लाइनरसह बूट घालून सरळ उभे राहिल्यास बोटे पुढे टेकतात, हे स्वाभाविक आहे. गुडघे पुढे वाकवल्यावर टाच मागे बसते व बोटांना थोडी जागा मिळते. शिवाय पहिल्या काही दिवसांच्या वापराने लाइनर दाबला जाऊन बूट सैल होतो. म्हणून नवा बूट सर्व बाजूंनी सारखा घट्ट लागणे योग्य असते. एकाच ठिकाणी टोचणे मात्र योग्य नव्हे.

ठशावरून घडवलेला फूटबेड

शरीराचा भार पडला की पायाची कमान कमीअधिक खाली बसते, पाऊल किंचित लांब व रुंद होते आणि घोटा आतल्या बाजूस झुकतो. टणक कवचात या लहानशा बदलामुळेही घोट्याचे हाड किंवा बोटे कवचावर घासतात. फूटबेड कमानीला व टाचेला आधार देऊन ही हालचाल मर्यादित करतो आणि तळव्यावरील दाब अधिक मोठ्या भागावर पसरवतो.

ठसा घेण्याच्या पद्धती मुख्यतः तीन आहेत. पूर्ण भार देऊन उभे राहून, अंशतः भार देऊन किंवा पाय मोकळा ठेवून ठसा घेतला जातो. त्यासाठी मऊ उशी, फोमची पेटी किंवा संगणकीय स्कॅनर वापरतात. काही पद्धतींत तापवून मऊ केलेला कॉर्कचा अथवा प्लॅस्टिकचा पट्टा थेट तळव्याखाली धरून आकार देतात. कोणती पद्धत श्रेष्ठ, याबाबत कारागिरांत एकमत नाही. फूटबेड किती टणक असावा यावरही मतभेद आहेत. अतिशय टणक फूटबेड पावलाची नैसर्गिक हालचाल रोखतो, असे काहींचे मत आहे. यंत्र कोणते वापरले यापेक्षा ठसा घेताना घोटा व गुडघा योग्य रेषेत धरले होते का, हे अधिक महत्त्वाचे ठरते.

कामाचा क्रम

जुळवणीत क्रमाला विशेष महत्त्व आहे. प्रथम पायाची तपासणी, नंतर कवचाची निवड, त्यानंतर फूटबेड आणि सर्वांत शेवटी कवचातील बदल, असा हा क्रम असतो. फूटबेड बसवल्यावर पावलाची उंची व जागा बदलते. म्हणून त्याआधीच कवच रुंद केल्यास ते चुकीच्या ठिकाणी रुंद होण्याचा धोका असतो.

करंगळीच्या मुळाशी, घोट्याच्या हाडांपाशी किंवा कमानीवरील हाडापाशी दाब येत असेल, तर कवच तेवढ्याच भागात तापवून बाहेर ढकलतात किंवा आतून घासतात. तापवून ढकललेले प्लॅस्टिक पुन्हा तापवून बरेचसे पूर्ववत करता येते; घासून काढलेले परत येत नाही. घोटा पुरेसा वाकत नसेल, तर टाचेखाली लहानसा उंचवटा देतात.

बूट बदलल्यास स्कीवरील बाइंडिंगही तपासून घ्यावे लागते, कारण ते बुटाच्या तळाच्या लांबीनुसार बसवलेले असते. समान मापाच्या दोन बुटांचे तळ वेगवेगळ्या लांबीचे असू शकतात.

बूटफिटरची निवड

जर्मनी व ऑस्ट्रियात वैद्यकीय पादत्राणे घडवणे हा रीतसर प्रशिक्षणाचा व्यवसाय आहे, तर अमेरिकेत पेडॉर्थिस्ट या नावाने प्रमाणपत्र मिळवता येते. असे शिक्षण उपयोगी असले, तरी स्की बुटाच्या कामाचा अनुभव ही त्याहून वेगळी बाब आहे. तेथेच बूट विकत घेतल्यास पुढील दुरुस्त्या अनेक दुकाने विनामूल्य करून देतात. बाहेरून आणलेल्या बुटासाठी वेगळी आकारणी होते. चांगल्या बूटफिटरची काही लक्षणे पुढीलप्रमाणे सांगता येतील:

• बूट दाखवण्यापूर्वी तो दोन्ही उघड्या पायांची तपासणी करतो आणि बसून व उभे राहून मापे घेतो.
• जुन्या दुखापती, खेळातील अनुभव आणि वर्षाकाठी स्कीइंगचे दिवस यांविषयी विचारतो.
• घोट्याची लवचीकता पाहतो आणि कवच चाचणी करतो.
• प्रत्येक बदलाचे कारण समजावून सांगतो, आणि गरज नसेल तेथे महागड्या फूटबेडचा आग्रह धरत नाही.
• थोडा बदल करून तो बर्फावर आजमावण्यास सांगतो व पुन्हा दुरुस्तीसाठी बोलावतो.

एकाच भेटीत काम संपवण्याची घाई करणारा कारागीर टाळावा. ग्राहकानेही पुरेसा वेळ राखून, आधी वेळ ठरवून जावे, एकच पातळ मोजा न्यावा आणि दुखणे नेमके कोठे व केव्हा सुरू होते ते सांगावे. मुक्कामाच्या पहिल्याच दिवशी भेट घेतल्यास दुरुस्तीसाठी पुढचे दिवस हाती राहतात.

मर्यादा

फूटबेड मोठ्या मापाचा बूट लहान करू शकत नाही आणि चुकीच्या आकाराच्या कवचाची भरपाईही करू शकत नाही. प्रत्येकालाच तो आवश्यक असतो असेही नाही. मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झालेल्या व्यक्तींना दाबाची जखम लवकर जाणवत नाही; त्यांनी आधी वैद्यकीय सल्ला घेणे इष्ट ठरते. विश्रांती घेऊनही न जाणारा बधिरपणा हा बूटफिटरचा नव्हे, तर डॉक्टरांचा विषय आहे.

भाड्याचे बूट

भारतात गुलमर्ग, औली आदी ठिकाणी स्कीइंग शिकण्यास जाणारे विद्यार्थी बहुधा भाड्याचे बूट वापरतात. अशा बुटांत कवचाचे बदल शक्य नसले, तरी वरील काही तत्त्वे तेथेही लागू पडतात. पायाची लांबी आधी सेंटिमीटरमध्ये मोजून ठेवणे, लाइनर निघत असल्यास कवच चाचणी करणे आणि थंडीच्या भीतीने दोन जाड मोजे न घालणे, एवढी काळजी घेतली तरी पुष्कळ त्रास टळतो. जास्तीच्या मोज्यांनी पाय दाबला जातो, रक्ताभिसरण मंदावते आणि बोटे उलट अधिक गार पडतात.