पेशीतला ओवणारा हात

मैत्रिणींनो, नवी पेशी घडताना डीएनएची नक्कल काढतं ते पॉलिमरेज. त्याची घडण उजव्या हातासारखी: बोटं नवं अक्षर धरतात, तळव्यात ते जोडलं जातं, अंगठा धागा सांभाळतो. आई भवानीची कवड्यांची माळ ओवतो ना, तसंच. चुकीची कवडी गेली तर काढूनही टाकतं.

गर्भाशयाच्या तोंडाचा कर्करोग करणाऱ्या एचपीव्ही विषाणूला मात्र असा हात नाहीच. पठ्ठ्या आपलाच हात वापरून स्वतःच्या नकला काढतो! त्याचा हा डीएनए तपासणीत सापडतो. १९९९ पासून आपल्याच जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या धडधाकट बायकांवर अभ्यास झाला. एकदाच एचपीव्ही तपासलेल्या गटात या कर्करोगानं ३४ जणी गेल्या. न तपासलेल्या जवळपास तेवढ्याच बायकांत ६४.