दोन भाषांचे बोबडे बोल

रामनवमीच्या सुमाराला पोहरादेवीत यात्रा भरते. वाशिम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातल्या या गावात महाराष्ट्राबरोबरच तेलंगण, कर्नाटक आणि आंध्रातूनही बंजारा कुटुंबं येतात. जगदंबेचं दर्शन होतं, संत सेवालाल महाराजांच्या समाधीपुढे माथा टेकला जातो. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी उद्घाटन झालेलं बंजारा विरासत संग्रहालयही आता पाहण्याच्या यादीत आलं आहे. आलेल्यांपैकी कुणाचं शिक्षण कन्नडमधून झालेलं असतं, कुणाचं तेलुगूतून, कुणाचं मराठीतून. एकमेकांची विचारपूस मात्र सगळे गोरमाटीतच करतात. आईबापांच्या कडेवर बसलेली दीड-दोन वर्षांची मुलं हे सगळं ऐकत असतात.

गोरमाटी ही बंजारा समाजाची बोली, राजस्थानीच्या जवळची. ग्रियर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाच्या १९०७ सालच्या खंडात तिची नोंद आहे. २०११ च्या जनगणनेत लमाणी किंवा लंबाडी या नावाने ती बोलणारे बत्तीस लाखांहून अधिक लोक मोजले गेले, पण हिंदीच्या रकान्याखाली. तिला स्वतःची लिपी नाही. राज्याप्रमाणे ती देवनागरी, तेलुगू किंवा कन्नड लिपीत लिहिली जाते. तांड्यातलं मूल आईला ‘याडी’ म्हणतं, भाकरीला ‘बाटी’ म्हणतं. अंगणवाडीत पाऊल टाकलं की त्याच्यापुढे मराठी येते.

त्यामुळे पोहरादेवीच्या पंचक्रोशीतच काय, पुण्या-मुंबईत स्थिरावलेल्या बंजारा घरांतही, मूल बोलायला लागण्याच्या वयात एक प्रश्न उभा राहतो. त्याच्याशी गोरमाटीत बोलायचं की मराठीत? शिकलेले नातेवाईक, शेजारी, कधी शिक्षकसुद्धा सांगतात, ‘घरी मराठीच बोला, नाहीतर पोर गोंधळेल, बोलायला उशीर होईल, शाळेत मागं पडेल.’ सल्ला मायेपोटी दिलेला असतो. गेल्या चाळीसेक वर्षांतल्या बालभाषेच्या अभ्यासात मात्र त्याला आधार सापडत नाही.

बाळाची भाषा पहिल्या शब्दाच्या कितीतरी आधी सुरू होते. गर्भातल्या शेवटच्या तीन महिन्यांत त्याला ऐकू येत असतं, आणि जन्मल्यावर ते अनोळखी बाईपेक्षा आईच्या आवाजाकडे अधिक ओढ दाखवतं. कॅनडात व्हँकुव्हरला जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीझ यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग तर मराठी वाचकाला अगदी घरचा वाटावा असा आहे. त्यांनी इंग्रजी घरांतल्या बाळांना हिंदीतले ‘ट’ आणि ‘त’ ऐकवले. आवाज बदलल्याचं ओळखून बाळाने मान वळवली की बक्षीस म्हणून एक खेळणं हलायला लागायचं. सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांना हा फरक कळत होता. इंग्रजी बोलणाऱ्या बहुतेक मोठ्या माणसांना तो ऐकूच येत नव्हता. आणि दहा ते बारा महिन्यांच्या बहुतेक बाळांनाही तो कळेनासा झाला होता. घरात ज्या फरकाला अर्थ नाही, तो वर्षाच्या आत मागे पडतो.

तांड्यातल्या बाळाचा ‘ट’ आणि ‘त’ शाबूत राहतो, कारण तो मराठीतही आहे आणि गोरमाटीतही. मराठीत तर ‘चहा’तला च आणि ‘चाक’मधला च लिहायला एकच, पण उच्चाराला वेगळे. अक्षरओळख नसलेल्या पोराला ही अडचण जाणवतही नाही, कारण त्याची सगळी शिकवणी कानांनी चाललेली असते.

हे कान हिशेबही ठेवतात. १९९६ मध्ये जेनी सॅफ्रन आणि तिच्या सहकाऱ्यांनी आठ महिन्यांच्या बाळांना फक्त दोन मिनिटं अर्थहीन अक्षरांचा सलग प्रवाह ऐकवला. मध्ये विराम नाही, स्वरात चढउतार नाही. तरी कोणती अक्षरं नेहमी एकामागोमाग येतात आणि कोणती योगायोगाने शेजारी पडली, हे बाळांनी ताडलं. आपण बोलताना शब्दांमध्ये मोकळी जागा सोडत नाही. बाळ ती अशी शोधून काढतं. ‘तो आंबा, ती चिंच, ते केळं’ हे कोणत्याही आईने नियम सांगून शिकवलेलं नसतं, तरी मराठी घरातलं मूल शाळेत जाण्याच्या आत ते बहुतांशी बरोबर बोलू लागतं.

मग दोन भाषा आल्या तर हिशेब बिघडतो का? मायामीतल्या स्पॅनिश-इंग्रजी घरांमध्ये बार्बरा पिअरसन आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये याचं उत्तर दिलं. त्यांनी दोन भाषांत वाढणाऱ्या २५ मुलांचा शब्दसंग्रह एकभाषिक मुलांशी ताडून पाहिला. दोन्ही भाषांतले शब्द एकत्र धरले, तर द्वैभाषिक मुलं मागे असल्याचं दिसलं नाही. फसगत होते ती एकाच भाषेत मोजल्यामुळे. समजा, तांड्यातलं दोन वर्षांचं मूल मराठीचे तीस शब्द बोलतं आणि गोरमाटीचे पन्नास. मराठीपुरतं पाहणाऱ्याला ते मागासलेलं वाटेल. प्रत्यक्षात त्याच्याजवळ ऐंशी शब्द आहेत.

भाषांची सरमिसळही अशीच उगाच बदनाम झाली आहे. एकाच वाक्यात अर्धी मराठी, अर्धी गोरमाटी आली की घरच्यांना वाटतं, पोराला दोन्ही धड येत नाहीत. माँट्रियलमध्ये फ्रेड जेनेसी आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये दोन वर्षांच्या आगेमागे असलेल्या फ्रेंच-इंग्रजी मुलांचं बोलणं तपासलं. ही चिमुरडी आईशी आईची भाषा जास्त वापरत होती आणि वडिलांशी वडिलांची. सरमिसळ होती, पण समोर कोण आहे याचं भान सुटलेलं नव्हतं. एका भाषेत शब्द सापडला नाही तर मूल दुसऱ्या भाषेतला घेतं आणि काम चालवतं. मोठी माणसंही तेच करतात. वाशिमच्या बाजारात कान दिला तर एका सौद्यात वऱ्हाडी, गोरमाटी आणि हिंदी तिन्ही ऐकू येतात.

या वयाचा खरा आनंद चुकांमध्ये आहे. ‘भू’ हा शब्द कुत्र्यासाठी शिकलेलं बाळ शेळीलाही भू म्हणतं, वासरालाही. चार पाय आणि शेपूट एवढी खूण त्याने धरलेली असते आणि हाताशी एकच शब्द असतो. पुढे अडीच-तीन वर्षांचं मूल ‘मी केलं’ असं बरोबर म्हणत असताना अचानक ‘मी करलं’ म्हणायला लागतं. आईला वाटतं, येत होतं ते विसरलं. उलट त्याची मजल पुढे गेलेली असते. आधीचं ‘केलं’ ऐकून पाठ झालेलं होतं. आता त्याला ‘बस-बसलं’, ‘उठ-उठलं’ यांतला नियम सापडला आहे आणि तो ‘कर’लाही लावून पाहायची उमेद आली आहे. ‘करलं’ कुणी त्याच्यासमोर बोललेलं नसतं, ते त्याने स्वतः घडवलेलं असतं. अशा वेळी टोकण्यापेक्षा ‘हो, तू केलंस’ एवढं म्हणून गप्पा पुढे नेणं उत्तम.

कसोटीचा काळही हाच. समज बोलण्याच्या फार पुढे धावत असते. सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांना खाण्याच्या पदार्थांची आणि शरीराच्या अवयवांची नावं थोडीफार कळतात, हे एलिका बर्गेल्सन आणि डॅनियल स्विंगली यांनी २०१२ मध्ये दाखवलं; बोलायला त्यांना अजून बरेच महिने असतात. दोन वर्षांच्या मुलाला काय हवं ते नेमकं ठाऊक असतं आणि ते सांगायला तोंड पुरत नाही. जमिनीवर लोळण घेणं, वाटी भिरकावणं, ताई दुसरंच काहीतरी घेऊन आली म्हणून टाहो फोडणं, यामागे बरेचदा हीच कोंडी असते. बोट दाखवणाऱ्या मुलाचं बोट कुठे वळलं आहे ते पाहून त्या वस्तूचं नाव घेतलं, तर रडणं थोडं कमी होतं आणि शब्दही मिळतो.

मुलाशी किती बोलावं यावरून शहरी पालकांवर हल्ली फार दडपण येतं. दिवसाला अमुक हजार शब्द कानी पडले पाहिजेत, असे आकडे पसरवले जातात. मेक्सिकोतल्या त्सेल्ताल माया खेड्यात मरिसा कासियास आणि सहकाऱ्यांनी ध्वनिमुद्रण केलं, तेव्हा थेट बाळाला उद्देशून होणारं बोलणं तासाला चार मिनिटांपेक्षाही कमी निघालं. तरी ती मुलं पहिला शब्द, मग शब्दांची जोडी हे टप्पे साधारण वेळेवर गाठत होती. मुलं मोठ्यांचं एकमेकांतलं बोलणं ऐकूनही शब्द उचलतात. आजी, काकू, शेजारची पोरं, येणारे-जाणारे अशा आवाजांनी भरलेलं तांड्याचं अंगण या दृष्टीने गरीब नाही. बाळाशी कोणत्या भाषेत बोलावं या धास्तीने आजीच गप्प झाली, तर ते गरीब होईल. मराठी अडखळत बोलणाऱ्या आजीने नातवाशी दोन मोजकी वाक्यं मराठीत बोलण्यापेक्षा तिच्या गोरमाटीतल्या लांबलचक गोष्टी, कोडी आणि रागावणंसुद्धा त्याला कितीतरी जास्त भाषा देतं.

मोबाइलची गोष्ट वेगळी. सिअ‍ॅटलच्या पॅट्रिशिया कूल यांनी २००३ मध्ये नऊ महिन्यांच्या अमेरिकी बाळांना चिनी भाषा ऐकवली. एका गटाशी चिनी बोलणारी माणसं समोर बसून बारा वेळा खेळली, बोलली. दुसऱ्या गटाने तेच सगळं टीव्हीवर पाहिलं. पहिल्या गटाला चिनी ध्वनी ओळखता येऊ लागले, दुसऱ्याला काहीही आलं नाही. समोरच्या माणसाची नजर, त्याचं थांबणं, बाळाच्या हुंकाराला त्याने दिलेलं उत्तर, यातलं काहीच पडद्यावर नव्हतं. भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना दोन वर्षांखालच्या मुलांना पडद्यापासून दूर ठेवायला सांगते, पण नातेवाइकांशी अधूनमधून होणाऱ्या व्हिडिओ कॉलचा अपवाद करते.

त्या अपवादाला कारण आहे आणि विदर्भ-मराठवाड्यातल्या तांड्यांसाठी ते मोलाचं आहे. ऊसतोडीला, वीटभट्टीवर किंवा शहरात बांधकामावर गेलेल्या आईबापांची लहान मुलं अनेकदा आजी-आजोबांपाशी राहतात. सारा रोझबेरी आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये पाहिलं, की दोन ते अडीच वर्षांची मुलं आधी चित्रित केलेल्या फितीतून नवी क्रियापदं शिकत नाहीत, पण व्हिडिओ कॉलवर समोरचं माणूस त्यांना प्रतिसाद देत असेल तर शिकतात. कामावरून परतलेल्या बापाने रात्री दहा मिनिटं पोराशी बोलणं, त्याने दाखवलेली गोटी पाहून ‘अजून दाखव’ म्हणणं, या खऱ्या गप्पाच आहेत. गाण्यांच्या फिती लावून फोन हातात देणं त्यांच्या जागी बसू शकत नाही.

तीन वर्षांनंतर अंगणवाडी. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडला बालशिक्षण आदिवासी पाड्यांवरच्या मुलांच्या अंगणात नेलं. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० सुद्धा शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावं असं म्हणतं. सेविका स्थानिक रहिवासी असावी असा नियम आहे. त्यामुळे तांड्यातल्या अंगणवाडीच्या ताईला बहुधा गोरमाटी येतेच. तिने पहिले काही महिने मुलाचं ऐकून गोरमाटीतच उत्तर दिलं, चित्रातल्या वस्तूंची नावं आधी त्याच्या भाषेत आणि मग मराठीत घेतली, तर नवखं मूल लवकर तोंड उघडतं. यासाठी नव्या इमारतीची गरज नाही. लाज सोडून ही बोली वर्गात बोलायची मुभा ताईला वरून मिळाली पाहिजे.

बोलायला खरोखरच उशीर होत असेल तेव्हा मात्र दोन भाषांना दोष देऊन थांबणं धोक्याचं ठरतं. ‘मुलगा आहे, उशिरा बोलेल’ म्हणून वर्ष घालवलं जातं, वेखंड उगाळून मधातून चाटवलं जातं. वेखंडाने वाचा येते याला भक्कम पुरावा नाही आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध देणं घातक ठरू शकतं. त्यातून बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या २०२२ च्या यादीप्रमाणे दीड वर्षाच्या बहुतेक मुलांना आई-बाबांखेरीज तीन शब्द, दोन वर्षांच्यांना दोन शब्दांची जोडी आणि अडीच वर्षांच्यांना सुमारे पन्नास शब्द येतात. शब्द कोणत्याही भाषेतले चालतात. मूल यापेक्षा बरंच मागे असेल, हाकेला वळत नसेल, बोट दाखवत नसेल किंवा आधी येत असलेले शब्द गमावत असेल, तर पहिली तपासणी कानांची. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाड्यांत जाऊन मुलांना तपासतात आणि गरज पडली तर पुढच्या उपचारांसाठी पाठवतात. त्यासाठी पैसे द्यावे लागत नाहीत.

या तपासणीत एक अडचण येऊ शकते. डॉक्टरांना गोरमाटी येत नसेल तर मूल अनोळखी माणसासमोर गप्प बसतं आणि त्याची वाचा आहे त्यापेक्षा कमी समजली जाऊ शकते. म्हणून पथक यायच्या आधी घरच्यांनी मूल बोलतं ते सगळे शब्द, दोन्ही भाषांतले, एका कागदावर उतरवून ठेवावेत. लिहिता येत नसेल तर अंगणात खेळताना त्याचं बोलणं फोनवर पाच मिनिटं ध्वनिमुद्रित करावं, आणि ताईला सोबत घेऊन ते डॉक्टरांना ऐकवावं.