टोपी, पगडी आणि लष्कराची शिस्त

लष्कर आणि परंपरा हे शब्द जोडीनेच येतात. केस किती लांब ठेवायचे, बुटांना चकाकी किती हवी, टोपी कुठे घालायची आणि कुठे काढायची, या सगळ्याचे लेखी नियम असतात. ते बदलायचे म्हटले की मोठमोठे सेनापती अस्वस्थ होतात. बाहेरून पाहणाऱ्याला याचे हसू येते. एवढ्याशा टोपीने कोणते युद्ध हरणार आहे, असे आपण सहज म्हणून जातो. पण अमेरिकेत अशाच एका टोपीचे प्रकरण थेट सुप्रीम कोर्टापर्यंत गेले, आणि त्यात निघालेला प्रश्न चाळीस वर्षे होत आली तरी पुरता मिटलेला नाही.

आपल्यापैकी अनेकांची मुले इथेच जन्मली, इथेच वाढली. त्यांतली काही कॉलेजात असताना आरओटीसीत जातात, काही मेडिकल किंवा डेंटल कॉलेजची फी लष्करी शिष्यवृत्तीतून भागवतात आणि पुढे काही वर्षे गणवेशात काढतात. तेव्हा हा वाद नेमका काय आहे, हे आपल्याला ठाऊक असलेले बरे.

पाच विरुद्ध चार

कॅप्टन सिमखा गोल्डमन हे अमेरिकन हवाईदलातले मानसशास्त्रज्ञ. कर्मठ ज्यू, शिवाय रीतसर दीक्षा घेतलेले धर्मगुरू. कॅलिफोर्नियातल्या मार्च हवाई तळावरच्या इस्पितळात ते काम करीत. डोक्यावर सतत यार्मुल्का, म्हणजे ज्यू पुरुषांची ती छोटी गोल टोपी असे. बाहेर पडताना ते तीवर लष्करी टोपी घालीत, त्यामुळे कोणाच्या डोळ्यांवर यायचे कारण नव्हते. अशी काही वर्षे गेली.

१९८१ च्या एप्रिलमध्ये एका कोर्ट मार्शलच्या खटल्यात त्यांनी आरोपीच्या बाजूने साक्ष दिली. समोरच्या वकिलाने त्यांच्या टोपीबद्दल वरिष्ठांकडे तक्रार केली. नियम स्पष्ट होता : छपराखाली डोक्यावर काही घालायचे नाही; अपवाद फक्त कामावर असलेल्या सशस्त्र सुरक्षा पोलिसांचा. इतके दिवस दुर्लक्षिलेला नियम एकाएकी जागा झाला, आणि गोल्डमन यांना टोपी काढण्याचा हुकूम आला. ते कोर्टात गेले. २५ मार्च १९८६ रोजी सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी त्यांच्या विरुद्ध निकाल दिला.

या निकालाचे मर्म टोपीत नाही, पुराव्यात आहे. बहुमताच्या वतीने न्यायमूर्ती रेंक्विस्ट यांनी लिहिले त्याचा आशय असा : गणवेशातली एकरूपता शिस्तीला आवश्यक आहे असे सेनाधिकाऱ्यांना व्यावसायिक अनुभवावरून वाटत असेल, तर न्यायालयाने त्यात ढवळाढवळ करू नये. त्या टोपीमुळे इस्पितळाच्या कामात नेमका काय बिघाड झाला, हे हवाईदलाला दाखवून द्यावे लागले नाही. त्यांनी सांगितले तेवढे पुरले. विरोधी मत देणाऱ्या न्यायमूर्तींचा आक्षेप मुख्यतः यालाच होता. शिखांची पगडी आणि योग्यांची भगवी वस्त्रे यांचाही उल्लेख या निकालपत्रांत आला आहे. आज टोपी मान्य केली तर उद्या पगडी येईल, मग भगवी कफनी येईल. तेव्हा रेघ ओढायची कुठे, हा त्यामागचा प्रश्न.

पुढच्याच वर्षी, १९८७ मध्ये, अमेरिकन काँग्रेसने कायदा करून नीटनेटकी, साधी आणि कामात अडथळा न आणणारी धार्मिक वस्त्रे गणवेशासोबत घालायला परवानगी दिली. लष्कराच्या वरिष्ठांचा याला विरोध होता. गोल्डमन खटला हरले, पण त्यांच्या टोपीला लोकप्रतिनिधींनी जागा करून दिली.

सेनापतींचे म्हणणे

सेनापतींची बाजूही समजून घेतली पाहिजे. लष्करात भरती होणाऱ्या मुलाचे केस पहिल्याच दिवशी कापतात, त्याचे कपडे काढून घेतात, यामागे कारण असते. कोण कोठला, कोणाचा, हे विसरून शेजारच्या माणसासाठी जीव धोक्यात घालायची सवय लावायची असते. क्षुल्लक आज्ञा विचार न करता पाळणारा माणूस कठीण आज्ञाही पाळेल, हा त्यातला हिशेब. तो अगदीच पोकळ नाही.

अडचण अशी, की एकजुटीचे हेच कारण पूर्वीही पुष्कळदा सांगितले गेले. २६ जुलै १९४८ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी सैन्यात वंशावरून भेदभाव होणार नाही असा आदेश काढला. त्या वेळी काळ्या आणि गोऱ्या सैनिकांच्या पलटणी वेगळ्या असत. गोरे सैनिक काळ्यांच्या शेजारी झोपायला तयार होणार नाहीत, पलटणींचे मनोधैर्य खचेल, सैन्य ही समाजसुधारणेची प्रयोगशाळा नव्हे, असे वरिष्ठांचे म्हणणे होते. भूदलाने दोन वर्षे चालढकल केली. मग कोरियाचे युद्ध लागले, गोऱ्या पलटणींत माणसे कमी पडू लागली आणि काळे सैनिक तिथे पाठवावे लागले. मिश्र पलटणी नीट लढल्या. १९५४ पर्यंत वेगळ्या पलटणी संपल्या होत्या.

आपल्या महाराष्ट्रालाही हा युक्तिवाद परका नाही. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सैन्यात महार सैनिक मोठ्या संख्येने होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लढवय्या जमातींच्या कल्पनेने जोर धरला आणि इंग्रजांनी महारांची भरती बंद केली. इतर जातींचे शिपाई त्यांच्याबरोबर राहणार नाहीत, हेही कारण होतेच. गोपाळबाबा वलंगकरांनी याविरुद्ध आवाज उठवला, शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये सरकारकडे अर्ज केला. पहिल्या महायुद्धात माणसांची गरज पडली तेव्हा १९१७ साली महारांची पलटण उभी राहिली, आणि गरज सरताच १९२१ मध्ये मोडली गेली. महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ साल उजाडावे लागले. तेव्हाही महायुद्धच चालू होते.

दाढीची परंपरा किती जुनी?

आता दाढीकडे वळू. शिखांचा प्रश्न पगडीचा तसाच दाढीचाही आहे, आणि १९८७ च्या कायद्यात फक्त वस्त्रांचा विचार होता.

अमेरिकन सैनिक गुळगुळीत दाढी केलेलाच असतो, असे आपण धरून चालतो. पण यादवी युद्धातल्या सेनापतींची छायाचित्रे पाहा. ग्रँट यांना दाढी, ली यांना दाढी. जनरल बर्नसाइड यांचे कल्ले इतके प्रसिद्ध झाले की इंग्रजीत कल्ल्यांना त्यांच्याच नावावरून शब्द मिळाला. रोजच्या दाढीची सक्ती खऱ्या अर्थाने पक्की झाली ती पहिल्या महायुद्धात. विषारी वायूपासून बचाव करणारा मुखवटा चेहऱ्याला घट्ट बसायला हवा, हे कारण त्या वेळी महत्त्वाचे ठरले. नौदलात १९७० साली अॅडमिरल झुमवाल्ट यांनी दाढीला मोकळीक दिली, ती १९८५ पासून पुन्हा काढून घेण्यात आली. अफगाणिस्तानात तर अमेरिकेच्या विशेष पथकांतले जवान स्थानिक लोकांत मिसळता यावे म्हणून दाढ्या वाढवून हिंडत होते.

पगडीचेही तसेच. भगतसिंग थिंड १९१८ साली अमेरिकन भूदलात भरती झाले, ते पगडी घालूनच. (हेच ते थिंड, ज्यांना सुप्रीम कोर्टाने १९२३ मध्ये गोरे नाहीत म्हणून नागरिकत्व नाकारले.) पुढेही भूदलात शिखांना सवलत मिळत असे. ती १९८१ मध्ये बंद झाली. आधीपासून नोकरीत असलेल्यांना राहू दिले, नव्यांना दार बंद. म्हणजे ज्या नियमाला अनादी परंपरा म्हणून कवटाळले जात होते, तो शिखांच्या बाबतीत १९८१ चा होता.

लग्न आणि वेड

पुढची जवळजवळ तीस वर्षे हे दार बंद राहिले. २००९-१० मध्ये डॉक्टर कमलजीतसिंग कलसी आणि दंतवैद्य तेजदीपसिंग रत्तन यांना व्यक्तिगत सवलत मिळाली. गॅस मास्क दाढीवरही घट्ट बसतो, हे त्यांना दाखवून द्यावे लागले. दोघेही अफगाणिस्तानात जाऊन आले, आणि कलसी यांना तिथल्या कामगिरीबद्दल ब्राँझ स्टार मिळाला. पण सवलत त्या माणसापुरतीच. पुढच्याने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची.

त्यातही मोठी मेख होती. सवलत मागायची तर आधी भरती व्हायला हवे, आणि भरती व्हायचे तर आधी दाढी व केस काढायला हवेत. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, तशातली गत. आरओटीसीत जाऊ पाहणाऱ्या न्यूयॉर्क राज्यातल्या एका शीख विद्यार्थ्याने याविरुद्ध दावा लावला आणि २०१५ च्या जूनमध्ये तो जिंकला. त्या खटल्यात एक गोष्ट उघड झाली : दाढी केल्यावर ज्यांच्या त्वचेला त्रास होतो अशा सैनिकांना २००७ पासून भूदलाने वैद्यकीय कारणासाठी दाढी राखण्याच्या एक लाखाहून अधिक सवलती दिल्या होत्या. एक लाख दाढ्यांनी शिस्त बिघडली नाही, मग एका विद्यार्थ्याच्या दाढीने ती कशी बिघडणार, याचे पटण्याजोगे उत्तर लष्कराकडे नव्हते.

सिद्ध कोणी करायचे?

गोल्डमन हरले आणि हा विद्यार्थी जिंकला, यामधला फरक एका कायद्याने पडला. १९९३ साली काँग्रेसने धर्मस्वातंत्र्याच्या पुनःस्थापनेचा कायदा केला. सरकारचा एखादा नियम माणसाच्या धर्माचरणावर मोठा भार टाकत असेल, तर तो नियम या विशिष्ट माणसाला लावणे अत्यावश्यक आहे आणि त्याहून सौम्य उपाय नाही, हे सरकारने सिद्ध करायचे, असे त्यात आहे. पुराव्याचे ओझे सैनिकाच्या खांद्यावरून उतरून लष्कराच्या खांद्यावर गेले. आम्हाला अनुभवावरून असे वाटते, एवढे सांगून आता भागेना. लष्कराने मात्र हा कायदा आपल्या नियमपुस्तिकेत स्पष्टपणे उतरवायला २०१४ साल उजाडले.

त्यानंतर गाडी वेगाने पुढे गेली. वेस्ट पॉइंटचे पदवीधर आणि ब्राँझ स्टारचे मानकरी कॅप्टन सिमरतपालसिंग यांना २०१६ मध्ये हेल्मेट आणि गॅस मास्कच्या खास चाचण्या द्यायला सांगितले. इतर कोणाला अशा चाचण्या नव्हत्या. कोर्टाने त्या थांबवल्या. जानेवारी २०१७ मध्ये भूदलाने नियमच बदलला आणि अशा सवलती देण्याचा अधिकार ब्रिगेडच्या पातळीवर आणला. २०२० मध्ये हवाईदलाने तेच केले, आणि २०२२ मध्ये तिथल्या एका हिंदू जवानाला गणवेशात कपाळी टिळा लावायची परवानगी मिळाली. मरीन दल सर्वांत शेवटपर्यंत अडून बसले. प्रशिक्षणाचे पहिले तेरा आठवडे तरी दाढी नको, असा त्यांचा आग्रह होता. २०२२ च्या डिसेंबरमध्ये वॉशिंग्टनच्या अपील कोर्टाने तोही मानला नाही.

इथे कथा सुफळ संपूर्ण व्हायला हवी होती, पण झाली नाही. ३० सप्टेंबर २०२५ रोजी संरक्षणमंत्री पीट हेगसेथ यांनी दाढीचे नियम २०१० पूर्वीच्या निकषांवर नेण्याचा आदेश काढला. सवलत सर्वसाधारणपणे मिळणार नाही, आणि द्यायचीच तर प्रत्येक माणसाची वेगळी तपासणी करून, असे त्यात होते. वैद्यकीय सवलतींवरही त्याच वर्षी मर्यादा आल्या. कारण तेच, १९८१ चे : शिस्त आणि एकरूपता.

भारतात काय?

हे वाचून अमेरिकेला नावे ठेवण्यापूर्वी आपल्या देशाकडेही पाहावे. भारतीय सैन्यात शिखांची पगडी आणि दाढी ही पलटणीची शान मानली जाते. शिस्त तिने कमी झाली असे कोणी म्हणत नाही. पण भारतीय हवाईदलातल्या एका मुस्लिम जवानाने धर्माच्या कारणावरून दाढी राखायची परवानगी मागितली, तेव्हा भारताच्या सुप्रीम कोर्टाने २०१६ मध्ये ती नाकारली. निकालातला युक्तिवाद रेंक्विस्ट यांच्या युक्तिवादाच्या बराच जवळचा आहे.

आणि एकरूपतेच्या अट्टहासाची किंमत भारताने दोनशे वर्षांपूर्वीच पाहिली आहे. मद्रास सैन्याच्या इंग्रज वरिष्ठांनी शिपायांना नव्या तऱ्हेची, हॅटसारखी दिसणारी पगडी घालायला लावली, कपाळावरचे गंध आणि दाढी यांवरही बंधने आणली. १० जुलै १८०६ रोजी वेल्लोरच्या किल्ल्यात बंड झाले. दोन्ही बाजूंची शेकडो माणसे मेली. सरसेनापती क्रॅडॉक आणि गव्हर्नर बेंटिंक या दोघांनाही परत बोलावले गेले आणि नवी पगडी रद्द झाली. त्या पगडीने शिस्त वाढेल, असेच तेव्हाच्या तज्ज्ञांनाही वाटले होते.

म्हणून घरात कोणी मुलगा किंवा मुलगी लष्करात जायचे म्हणत असेल, तर एक फरक त्यांच्या कानावर जरूर घालावा. १९८१ पूर्वीची शिखांची सवलत हुकमाने आली होती, ती हुकमाने गेली. २०१७ ची सोयही लष्कराच्या आदेशानेच आली. १९८७ आणि १९९३ चे कायदे मात्र काँग्रेसने केलेले आहेत. ते मंत्र्याच्या सहीने पुसले जात नाहीत. भरती अधिकारी तोंडी काय सांगतो यावर विसंबू नये. सवलत हवी असेल तर सही करण्याआधी लेखी मागावी, आणि नकार आला तर त्याचे कारणही लेखी मागावे. कारण देण्याची जबाबदारी आता त्यांची आहे. ही एवढी गोष्ट मिळवायला सिमखा गोल्डमन यांच्यापासून कितीतरी माणसांना आपली नोकरी पणाला लावावी लागली आहे.