विंचवाचं विष, पोटॅशियमचं गेट आणि ‘सेटिंग’ बदलणारे मदतनीस

बीड जिल्ह्यात वाढलेल्या माणसाला विंचू नवीन नाही. दगडांचे बांध, सरपणाचा ढीग, उसाच्या फडाजवळची कोपी, अशा ठिकाणी तो हमखास भेटतो. काळा मोठा विंचू दिसायला भयानक असतो, पण खरा धोका तांबड्या, लहान विंचवाचा. शास्त्रज्ञ त्याला हॉटेनटॉटा टॅम्युलस म्हणतात.

१९९० साली संशोधकांनी या विंचवाच्या विषातून एक छोटंसं प्रोटीन वेगळं काढलं. फक्त ३७ अमिनो आम्लांची साखळी. नाव आयबेरिओटॉक्सिन. ते आपल्या पेशींवरचं पोटॅशियमचं एक गेट बंद करतं. गंमत पुढे आहे. तेच गेट रक्तवाहिनीत असेल तर सहज बंद होतं, पण मेंदूतल्या बऱ्याच पेशींत त्यावर या विषाची मात्रा चालत नाही. गेट तेच, जीन तोच, मग फरक कशामुळे? आज तेच समजून घेऊ.

आयन चॅनेल म्हणजे नक्की काय?

प्रत्येक पेशी ही एक छोटी बॅटरी असते. शांत असलेल्या चेतापेशीच्या आत बाहेरच्या तुलनेत साधारण उणे ७० मिलिव्होल्ट असतात. तुमच्या फोनच्या ३.७ व्होल्टच्या बॅटरीचा हा जेमतेम पन्नासावा भाग. तेवढ्यावरच हृदयाचे ठोके पडतात आणि तुम्ही हे वाचताय.

ही वीज तारेतून येत नाही. सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम यांचे विद्युतभारित कण, म्हणजे आयन, पेशीच्या पडद्यातून आत-बाहेर करतात. त्यांच्या ये-जा करण्याच्या वाटा म्हणजे आयन चॅनेल. साधारण नियम असा, की सोडियम आत आलं की पेशी उत्तेजित होते आणि पोटॅशियम बाहेर गेलं की शांत होते. म्हणजे पोटॅशियम चॅनेल हा पेशीचा ब्रेक.

आपल्या गोष्टीतल्या चॅनेलचं नाव बीके. एकदा उघडलं की यातून पोटॅशियमचा मोठा लोंढा जातो, म्हणून ‘बिग के’. के हे पोटॅशियमचं रासायनिक चिन्ह. चार सारखे अल्फा उपघटक गोल जोडले जातात आणि मधे बोगदा तयार होतो. हे गेट दोन गोष्टींनी उघडतं: पेशीतला व्होल्टेज वाढला की, आणि पेशीच्या आत कॅल्शियम वाढलं की.

मग मदतनीस कुठून आले?

अल्फा उपघटक एकटेही चॅनेल बनवू शकतात. पण शरीरात बऱ्याचदा त्यांच्याबरोबर दुसरी प्रोटीन चिकटलेली असतात. ती स्वतः बोगदा बनवत नाहीत, फक्त बोगद्याचं वागणं बदलतात. त्यांना नियामक उपघटक म्हणतात.

आमच्या कोडिंगच्या भाषेत सांगायचं तर मेन प्रोग्रॅम एकच, पण प्रत्येक सर्व्हरवर कॉन्फिग फाइल वेगळी. किंवा तुमचा फोन घ्या. हार्डवेअर तेच, पण सायलेंट मोडवर वागणं वेगळं.

बीकेच्या बाबतीत हे मदतनीस काय करतात बघा:

• बीटा १: रक्तवाहिन्यांच्या भिंतीतल्या स्नायूंत असतो. याच्यामुळे गेट थोड्याशा कॅल्शियमलाही प्रतिसाद देतं. ब्रेक वेळेत लागतो आणि रक्तवाहिनी सैल पडते. ज्या उंदरांतून हा उपघटक काढून टाकला, त्यांचा रक्तदाब वाढलेला आढळला. म्हणजे मुख्य चॅनेल शाबूत, फक्त मदतनीस गायब, तरी बीपी वाढलं.

• बीटा २: याच्या एका टोकाला गोळ्यासारखा भाग असतो. गेट उघडलं की थोड्याच वेळात हा गोळा आतून बोगद्यात बसतो आणि प्रवाह थांबवतो.

• बीटा ४: मुख्यतः मेंदूत. याचा बाहेरच्या बाजूचा भाग बोगद्याच्या तोंडाजवळ येतो.

• गॅमा: हा गट बराच उशिरा, २०१० मध्ये लक्षात आला. यातला एक उपघटक सोबत असला तर कॅल्शियम जवळपास नसतानाही गेट उघडू शकतं.

आता विंचवाचं कोडं सुटतं

आयबेरिओटॉक्सिन बाटलीच्या बुचासारखं काम करतं. बाहेरून येऊन बोगद्याच्या तोंडात बसतं आणि पोटॅशियमची वाट अडवतं. पण बीटा ४ सोबत असेल तर तो तोंडाजवळच आडवा येतो, त्यामुळे विषाला तिथपर्यंत पोचणं फार अवघड जातं. २००० साली प्रयोगांतून हे दिसून आलं. अल्फा उपघटकाला हातही न लावता, नुसत्या शेजाऱ्यामुळे चॅनेल विषाला दाद देईनासं झालं.

औषधांच्या दृष्टीनेही हे मोलाचं आहे. अल्फावर औषध चालवलं तर मेंदू, मूत्राशय, रक्तवाहिन्या, सगळीकडे परिणाम होऊ शकतो. पण ठरावीक मदतनिसाला लक्ष्य केलं तर एकाच अवयवावर काम करणारं औषध बनवायची शक्यता वाढते.

मग मेंदू सुरक्षित, म्हणजे विंचू चावला तरी चालेल?

अजिबात नाही! तांबड्या विंचवाच्या विषात अनेक टॉक्सिन असतात. जीवघेणा परिणाम मुख्यतः सोडियम चॅनेलवरच्या टॉक्सिनमुळे होतो. ती सोडियमचं गेट लवकर बंद होऊ देत नाहीत. चेता सतत संदेश सोडत राहतात, शरीरात अ‍ॅड्रेनालिनसारख्या रसायनांचा पूर येतो, हृदयावर ताण पडतो आणि फुप्फुसांत पाणी भरू शकतं.

यावर उपाय शोधणारा माणूस आपल्या शेजारच्या जालना जिल्ह्यातला. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी कोकणात महाडला काम करताना प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध विंचूदंशावर वापरलं. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ७० रुग्णांच्या अभ्यासात प्राझोसिनसोबत प्रतिविषही दिलेल्यांपैकी ९१.४ टक्के रुग्ण १० तासांत पूर्ण बरे झाले. नुसतं प्राझोसिन दिलेल्यांत हे प्रमाण २२.९ टक्के होतं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

त्यामुळे एवढं लक्षात ठेवा. चावल्यावर दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार पडणं ही धोक्याची लक्षणं आहेत. पण ती दिसायची वाट बघू नका, विशेषतः लहान मुलाला चावलं असेल तर. मंत्र, चिरा देणं, घट्ट बांधणं यात वेळ घालवू नका. १०८ ला फोन करा किंवा जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा. प्राझोसिन मनाने घेऊ नका, बीपी एकदम खाली येऊ शकतं.

आणि एक सोपी गोष्ट. रात्री सरपण उचलताना, चप्पल घालताना मोबाइलचा टॉर्च लावा. अल्ट्राव्हायोलेट टॉर्चखाली विंचू हिरवट-निळा चमकतो. साध्या टॉर्चखाली तो चमकत नाही, पण दिसतो. आणि दिसला तर पाय वाचतो.