सुतळीवरची वेल

गोकर्णाची बी मुगापेक्षा थोडी मोठी, काळपट आणि फसवी असते. कुंडीत नुसती टाकली तर ती कित्येक दिवस जशीच्या तशी पडून राहते. कडधान्याच्या कुळातली ही वेल. तिच्या बीचं कवच इतकं टणक की पाणी आत शिरतच नाही. म्हणून आधी बी रात्रभर कोमट पाण्यात भिजत घालावी. सकाळी वाटीत दोन तट पडलेले दिसतात: काही बिया टम्म फुगलेल्या, काही कालच्याइतक्याच कोरड्या ठाक. फुगलेल्या लगेच पेराव्यात. उरलेल्यांचं कवच डोळ्याच्या विरुद्ध बाजूला पॉलिश पेपरवर हलकेच घासावं आणि त्या पुन्हा भिजवाव्यात. आतला फिकट भाग दिसला की थांबावं, नाहीतर गर्भालाच इजा होते.

गोकर्णाचं मूळ सरळ खोल जातं आणि त्याला उपटाउपटी सोसत नाही. तेव्हा जिथे वेल हवी तिथेच, बोटाच्या एका पेराएवढ्या खोलीवर बी लावलेली बरी. जूनचे पहिले पाऊस पडून गेले की आठ-दहा दिवसांत कोंब वर येतो.

गणेशवेलीचे एवढे नखरे नाहीत. तिच्याही बिया रात्रभर भिजवतात, पण मागच्या वर्षीची वेल असेल तर पावसात कुंडीभर रोपं आपोआप उगवतात. तण समजून ती उपटली जातात, कारण पहिली दोन पानं पुढच्या पानांशी अजिबात जुळत नाहीत. ही बीजपत्रं शिंप्याच्या उघड्या कात्रीसारखी दुभंगलेली असतात. मधल्या शिरेपर्यंत चिरलेली, ओळखीची नाजूक पानं नंतर येतात. गणपतीच्या नावाची ही वेल मूळची उष्णकटिबंधीय अमेरिकेतली, हे सांगितलं की पुष्कळांना पटत नाही.

रोप वीतभर झालं की खरी गंमत सुरू होते. दोन्ही वेलींना तणावे नसतात, खोडच आधाराला वेढे घेतं. शेंडा मोकळ्या हवेत सावकाश गोल फिरत आधार चाचपत असतो. सकाळी कठड्याकडे वळलेला शेंडा दुपारच्या जेवणानंतर खिडकीकडे वळलेला दिसतो. चार्ल्स डार्विननं आजारपणात खोलीत कोंडून पडल्यावर हॉपच्या वेलीचा हाच खेळ घड्याळ लावून पाहिला होता. गरम हवेत दिवसा एका फेरीला तिला सरासरी 2 तास 8 मिनिटं लागत होती. 1865 साली त्यानं वेलींवर दीर्घ निबंध प्रसिद्ध केला. गॅलरीत खुर्ची टाकून बसायला याहून चांगलं निमित्त मला तरी ठाऊक नाही.

आधार बारीक हवा. लोक हौसेनं जाड पाइप किंवा लाकडी खांब उभा करतात आणि वेल चढत नाही म्हणून कुरकुरतात. एवढ्या जाडीला वेढा घालणं कोवळ्या शेंड्याला जमतच नाही. सुतळी वरून खाली ताणून बांधली की काम झालं. गणेशवेल वरून पाहिल्यास घड्याळाच्या उलट दिशेनं वळते. मदत म्हणून आपण तिला दुसरीकडून गुंडाळलं, तर ती ते वेढे सोडवत बसते.

खताबाबत माझं मत स्पष्ट आहे: हात आखडता घ्यावा. गोकर्णाच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नायट्रोजन वेलीला मिळवून देतात. वर आणखी नत्र घातलं की पानंच पानं, फुलांचा पत्ता नाही. पाचसहा पानं आल्यावर शेंडा मात्र जरूर खुडावा. फांद्या फुटतात आणि फुलं वाढतात. पिठ्या ढेकूण दिसला तर कडुनिंबाच्या तेलाची फवारणी संध्याकाळी करावी.

गणेशवेलीची लाल चांदणीसारखी फुलं सकाळी उमलतात आणि दुपारपर्यंत मिटतात. नळीतल्या मधासाठी शिंजीर येतो. गोकर्णाचं फूल उलटं असतं. वाटाण्याच्या फुलात जी मोठी पाकळी वर असते, ती इथे खाली पसरते. मधमाशी तिच्यावर उतरते तेव्हा वरचे पुंकेसर तिच्या पाठीला घासतात.

पाऊस सरला की शेंगा वाळू लागतात. गोकर्णाची शेंग तपकिरी होताच काढा. उशीर केला तर उन्हात ती तडकून पिळवटते आणि बिया शेजाऱ्यांच्या गॅलरीत जातात. गणेशवेलीच्या बिया पोटात जाणं चांगलं नाही, म्हणून त्या लहान मुलांपासून दूर ठेवा. दोन्ही नीट वाळवून कागदी पाकिटात भरा आणि वर नाव नि साल लिहा. पाकिटातल्या निम्म्या बिया कुणाला तरी देऊन टाका. एका कुंडीला चार पुरतात.