पोकळ्यांना खिडक्या हव्यात

संत्री कितीही नेटकी रचली तरी ढिगात साधारण २६ टक्के जागा रिकामीच राहते. एकसारखे गोल याहून दाट बसत नाहीत. पाण्याचे थेंब मात्र संत्र्यांसारखे कडक नसतात. तेलात ते ७४ टक्क्यांहून जास्त कोंबले, की एकमेकांवर दाबून चपटे होतात आणि मधल्या तेलाचा पातळ पडदा उरतो. अतिशय हलके, सच्छिद्र प्लास्टिक बनवण्याची एक युक्ती यावरच उभी आहे.

कृती म्हटली तर स्वयंपाकघरातली. स्टायरिन हा तेलकट द्रव, त्याच्या साखळ्या एकमेकींना बांधणारे डायव्हिनाइलबेंझीन आणि थेंबांना एकत्र येऊ न देणारे, साबणाच्या जातीचे रसायन. हे ढवळत राहायचे आणि पाणी हळूहळू सोडायचे. घाई केली तर मेयॉनीज फुटते तसे मिश्रण फुटते. जमले, तर दाट मलईसारखे इमल्शन तयार होते. त्यात ९० टक्के पाणी असू शकते! ते उबेत ठेवले की तेलाचा भाग घट्ट होतो. मग पाणी काढून टाकायचे. थेंबांच्या जागी पोकळ्या राहतात. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला युनिलिव्हरने याचे पेटंट घेतले. 'पॉलीहाइप' हे नाव तेव्हापासूनचे.

आपला थर्माकोलही स्टायरिनचाच. पण त्यातल्या पोकळ्या बंद असतात, म्हणून तो पाण्यावर तरंगतो. पॉलीहाइपमध्ये दोन थेंब जिथे टेकतात तिथला पडदा घट्ट होताना फाटतो आणि खिडकी उघडते. आरोग्यशास्त्राला रस आहे तो या खिडक्यांत.

प्रयोगशाळेत पेशी सपाट बशीत वाढवतात. तिथे त्या पसरट होतात. यकृताच्या पेशी तर आपली कामे लवकर विसरतात. अशा पेशींवर औषध तपासून काढलेला निष्कर्ष शरीरात खरा ठरेलच असे नाही. ब्रिटनमधील डरहॅम विद्यापीठातील संशोधनातून आलेल्या 'अल्व्हेटेक्स' चकत्यांमध्ये पोकळ्या सुमारे ४० मायक्रॉनच्या आणि खिडक्या १३ मायक्रॉनच्या आसपास असतात. पेशी आत शिरतात आणि सर्व बाजूंनी शेजार मिळवतात.

चकतीची जाडी फक्त २०० मायक्रॉन. त्याला कारण आहे. आत रक्तवाहिन्या नाहीत. चकती जाड केली तर मधल्या पेशींपर्यंत प्राणवायू पोहोचत नाही. शिवाय पॉलिस्टायरिन शरीरात विरघळत नाही, त्यामुळे हाडातली पोकळी भरायला ते उपयोगाचे नाही. त्यासाठी हळूहळू विरणाऱ्या पॉलिमरचे फेस बनवण्याचे प्रयत्न चालू आहेत. आणि पदार्थ कोणताही असो, ते साबणाच्या जातीचे रसायन आधी नीट धुऊन काढावे लागते, कारण तेच पेशींना मारू शकते.