उमेदवारीचे मोल

पवई परिसरात विद्या आणि उद्योग शेजारी शेजारी नांदतात. १९५८ साली स्थापन झालेली आयआयटी, १९६३ साली सुरू झालेली आणि २०२३ पासून आयआयएम मुंबई म्हणून ओळखली जाणारी 'नीटी', तसेच लार्सन अँड टुब्रोचा विस्तीर्ण परिसर ही त्याची ठळक उदाहरणे. एखादी कंपनी आपल्या अधिकाऱ्याला अशा संस्थेत अभ्यासक्रमासाठी पाठवते, तेव्हा शुल्क कंपनी भरते आणि त्याचा पगारही चालू राहतो. त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. मात्र नुकताच आयटीआय किंवा बी.कॉम. झालेला तरुण पहिल्या नोकरीच्या वेळी "शिकण्याच्या काळात काही मिळेल का?" असे विचारतो, तेव्हा त्याच्याकडे आश्चर्याने पाहिले जाते.

या आश्चर्याचे मूळ आपल्या परंपरेत आहे. पूर्वी कचेरीत जागा रिकामी होईपर्यंत विनावेतन राबण्याला 'उमेदवारी' म्हणत. पेढीवरही नवख्या मुलाला बहुधा जेवणखाण आणि आसरा मिळे. पगार पुढे कधीतरी. काम शिकवणे हेच मोठे दान, अशी ती समजूत होती.

१९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने या समजुतीला निश्चित चौकट दिली. या कायद्याखाली नोंदलेल्या उमेदवाराला विद्यावेतन देणे मालकावर बंधनकारक आहे. २०१९ च्या सुधारित नियमांनी शैक्षणिक पात्रतेनुसार दरमहा किमान ५,००० ते ९,००० रुपये विद्यावेतन ठरवले, तर दुसऱ्या वर्षी १० आणि तिसऱ्या वर्षी १५ टक्के वाढ दिली. तीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेने एकूण संख्येच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेत, असेही त्यात म्हटले. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत केंद्र सरकार विद्यावेतनाचा २५ टक्के, कमाल १,५०० रुपयांपर्यंतचा भार उचलते. महाराष्ट्राने २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. तिच्यात बारावी उत्तीर्णांना ६,०००, आयटीआय व पदविकाधारकांना ८,००० आणि पदवीधरांना १०,००० रुपये दरमहा राज्य शासनाने देण्याचे ठरले.

येथे एक भेद ध्यानात ठेवावा. कायद्याच्या दृष्टीने शिकाऊ उमेदवार हा 'प्रशिक्षणार्थी' असतो, 'कामगार' नव्हे. म्हणून त्याला पूर्ण वेतनाचा किंवा कायम नोकरीचा हक्क आपोआप मिळत नाही; आरोग्य, सुरक्षितता आणि अपघाताच्या भरपाईचे संरक्षण मात्र मिळते. परंतु नोंदणी न करता, केवळ 'ट्रेनी' असे बिरुद लावून कोणाकडून पूर्ण दिवसाचे नेहमीचे काम करून घेतले, तर त्या बिरुदाला फारसा अर्थ उरत नाही. माणूस प्रत्यक्षात काय काम करतो, हेच अखेर पाहिले जाते.

मालकाची बाजूही समजून घेतली पाहिजे. शिकवलेला माणूस वर्षभरात दुसरीकडे गेला, तर त्याच्यावरील खर्च वाया जातो. त्यासाठी करारपत्र लिहून घेतात. विजया बँकेच्या अशाच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १४ मे २०२५ रोजी निर्णय दिला. तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये भरण्याची अट न्यायालयाने वैध ठरवली. सार्वजनिक बँकेला भरतीची खर्चिक प्रक्रिया पुन्हा करावी लागते, आणि त्या वरिष्ठ पदाच्या वेतनाच्या मानाने ती रक्कम अवाजवी नाही, हे न्यायालयाने विचारात घेतले. याचा अर्थ कोणत्याही दुकानदाराने वाटेल ती रक्कम लिहून घ्यावी, असा नव्हे. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ७४ नुसार करारात कितीही रक्कम लिहिली, तरी त्या मर्यादेत वाजवी तेवढीच भरपाई मिळते. म्हणून सही करण्यापूर्वी मुलांनी आणि पालकांनी मुदत, रक्कम आणि विद्यावेतन हे तीनही मुद्दे लेखी पाहून घ्यावेत.

आपल्या समाजात नोकरी करणाऱ्यांइतकेच नोकरी देणारेही आहेत. अहिंसा अणुव्रताच्या पाच अतिचारांत 'अतिभारारोपण' आणि 'अन्नपाननिरोध' हे दोन सांगितले आहेत. आश्रितावर शक्तीपलीकडे भार टाकणे आणि त्याचे अन्नपाणी अडवणे, हे ते दोन दोष. दिवसभर राबवून महिनाअखेरीस रिकाम्या हाताने घरी पाठवलेला उमेदवार या शब्दांच्या कक्षेबाहेर कसा राहील?

कुंभोज येथे १८८७ साली जैन कुटुंबात जन्मलेले कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि 'कमवा आणि शिका' हा मार्ग गरिबांच्या मुलांना दाखवला. शिकणाऱ्याच्या श्रमाला मोल आहे आणि त्या मोलातून त्याचे शिक्षण उभे राहू शकते, हे त्यांनी सिद्ध केले. आपल्या पेढीवर येणारा नवा मुलगा किंवा मुलगी पहिल्या महिन्याचे विद्यावेतन आईच्या हाती ठेवते, तेव्हा त्या घरात केवळ पैसा जात नाही, उमेद जाते. 'उमेदवार' हा शब्द त्या उमेदीवरूनच तर आला आहे.